माज, फळणे, गाभण : संप्रेरकमापनाच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

बंदिस्त वन्यप्राण्याची मादी माजावर आली आहे किंवा नाही, तिला गर्भ राहिला आहे किंवा नाही, हे तिच्या अंगाला हातही न लावता केवळ तिच्या विष्ठेवरून सांगण्याची पद्धती गेल्या चार दशकांत शास्त्रीय जगात रूढ झाली. या पद्धतीविषयी मराठीत होणारे लेखन अद्याप थोडे आहे. वृत्तपत्रांतील टिपणे, वनखात्याची निवेदने, प्राणिसंग्रहालयांची माहितीपत्रके आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतील एखाद-दुसरे प्रकरण एवढाच त्याचा विस्तार. या लेखनात माहितीची उणीव असते असे नाही. त्याचा खरा दोष क्रियापदांत आहे. जे दिसले, जे मोजले आणि जे त्यावरून अनुमानिले, या तिन्ही गोष्टी तेथे एकाच ठाम वाक्यात कोंबल्या जातात. ज्या भाषेत हा गोंधळ होतो त्याच भाषेच्या गोठ्यात तो टाळण्याची साधने कित्येक पिढ्या वापरात आहेत. त्या साधनांचे आणि त्यांच्या मर्यादांचे परीक्षण येथे योजिले आहे.

विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांतील उसाच्या फडांत तोडणीच्या दिवसांत वाघाटीची पिल्ले सापडतात, आणि पुष्कळदा ती बिबट्याची समजून गावात घबराट उडते. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली मादीही वजनाने एक ते दीड किलोच्या घरात भरते. आंतरराष्ट्रीय यादीत तिची गणना संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत होते, आणि भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला स्थान आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिच्या बंदिस्त संवर्धन-प्रजननाचा उपक्रम हाती घेण्यात आला. अशा उपक्रमात राखणदार मराठीत बोलतो, प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत येतो आणि खात्याचे निवेदन पुन्हा मराठीत निघते. या तीन मुक्कामांच्या प्रवासात शब्दाचे काय होते, हा भाषाभ्यासकाचा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर पिंजऱ्यातील मादीला भोगावे लागते.

प्रथम पद्धती समजून घेणे अवश्य आहे. बीजांडकोशातून स्रवणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन ही संप्रेरके रक्तातून यकृतात जातात, तेथे त्यांची मोडतोड होते आणि त्यांचे अवशेष मूत्रावाटे व पित्ताच्या मार्गाने विष्ठेवाटे बाहेर पडतात. राखणदार रोज सकाळी ताजी विष्ठा उचलतो; ती गोठवितात, वाळवितात, दळून तिची पूड करतात; मद्यार्कात तिचा अर्क काढतात; आणि त्या अर्कातील अवशेषांचे प्रमाण प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजतात. रक्तातील संप्रेरक प्रतिपिंडांनी मोजण्याची वाट रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी चाचणीच्या द्वारे दाखविली, आणि त्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ नंतर किरणोत्सर्गाऐवजी विकराचा उपयोग करणारी चाचणी पुढे आली. ती स्वस्त व निर्धोक असल्याने प्राणिसंग्रहालयांच्या आवाक्यात आली. लहान प्राण्यांच्या बाबतीत या पद्धतीचे महत्त्व विशेष. दीड किलोच्या मांजरीला वारंवार पकडून तिचे रक्त काढणे म्हणजे ज्या प्रजननाची वाट पाहावयाची त्याच प्रजननाला अडथळा आणणे होय.

या वर्णनातील दोन तपशील भाषेच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पहिला असा की, विष्ठेत मूळ प्रोजेस्टेरोन जवळजवळ नसतेच. मोजले जातात ते त्याचे अवशेष, आणि तेही एक नव्हे तर सजातीय अवशेषांचा समूह. दुसरा असा की, आजची विष्ठा आजच्या रक्ताविषयी बोलत नाही. अन्नाला आतड्यांतून जावयास जितका वेळ लागतो तितक्या वेळेपूर्वीची ती बातमी असते, आणि हा वेळ जातीजातीत वेगळा असतो. त्यात पुन्हा नमुना उन्हात पडून राहिला, पावसात भिजला वा जंतूंच्या तावडीत सापडला, तर आकडा बदलतो. सारांश, हाती येते ती एक खूण. मूळ घटना नव्हे. खूण आणि घटना यांमधील हे अंतर वाक्यात दिसले पाहिजे.

आता नामे. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द शास्त्रात रूढ केला, तो गतीस लावणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘संप्रेरक’ असा पर्याय दिला. प्रेरणा देणारे ते संप्रेरक, या अर्थाने तो मूळ कल्पनेला अगदी जुळता आहे. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने मात्र ‘हॉर्मोन’ हाच शब्द ठेवून त्याला ‘उत्तेजक स्राव’ अशा स्पष्टीकरणाची जोड दिली. दोहोंपैकी ‘संप्रेरक’ टिकला, आणि टिकावा. तो सुटसुटीत आहे आणि त्याची विशेषणे सहज बनतात. नामांच्या बाबतीत मराठीची स्थिती चिंताजनक नाही. शासकीय परिभाषाकोशांनी आणि विद्यापीठीय समित्यांनी नामांची तरतूद सढळ हाताने केली आहे. कित्येकदा गरजेहून अधिक.

माजाच्या शब्दाचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. इंग्रजीतील ‘ईस्ट्रस’ हा शब्द गोमाशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. गोमाशी चावल्यावर गुरे उधळतात, तशी माजावर आलेली मादी उधळते, ही त्यामागील कल्पना. वॉल्टर हीप यांनी १९०० साली या एका शब्दाला उपसर्ग जोडून माजापूर्वीची, माजानंतरची आणि माजांमधील अवस्था अशी सबंध मालिका रचली, आणि ‘इस्ट्रोजेन’ या नावातही ती गोमाशी पुढे लपून बसली. मराठी ‘माज’ हा संस्कृत ‘माद्य’, प्राकृत ‘मज्ज’ या वाटेने आलेला शब्द. ‘मद’ त्याचाच सगोत्र. ग्रीकाने माशीचा दंश पाहिला, मराठी गुराख्याने नशा पाहिली. परंतु दोघांनीही वागणूक पाहून नाव ठेवले. म्हणजे ‘माज’ हा शब्द मुळातच निरीक्षणाचा शब्द आहे. रक्तात काय चालले आहे याविषयी तो काही दावा करीत नाही. नेमका हाच त्याचा गुण आहे.

तथापि सुशिक्षित लेखकाला हा शब्द लिहावयास संकोच वाटतो. माणसाच्या बाबतीत ‘माज’ म्हणजे उद्दामपणा. त्यामुळे दुर्मिळ प्राण्याविषयी आदराने लिहिताना तो हलका भासत असावा. मग ‘मीलनोत्सुक’ येते, ‘प्रणयाराधन’ येते, क्वचित ‘संसार थाटला’ असेही येते. व्यालेल्या मादीने ‘बाळाला जन्म दिला’ असे म्हटले जाते, आणि ‘विणे’ हे ‘विजायते’पासून आलेले, प्राण्यांसाठी राखून ठेवलेले नेमके क्रियापद बाजूला पडते. हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ‘मीलनोत्सुक’ या शब्दात मादीच्या मनात काय आहे याचा निवाडा आहे, आणि ‘माजावर आली’ यात ती काय करते आहे याची नोंद आहे. शास्त्राला दुसरी गोष्ट हवी असते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत, विशेषतः इगतपुरीकडे आणि त्याला लागून असलेल्या अकोल्यात, डांगी जातीची गुरे पाळली जातात. संगमनेरी शेळीचा प्रदेशही हाच. अशा पशुपालक मुलखात रोजच्या बोलण्यात वावरणारी शब्दमालिका पाहावी. गाय माजावर येते. ती सोट टाकते. तिला वळू दाखवितात, म्हणजे ती फळविली जाते. तीन आठवड्यांच्या सुमारास ती पुन्हा माजावर आली तर ती ‘उलटली’. न उलटली तर गाभ धरला असे मानावयाचे. तपासणीत ती गाभण निघते. दिवस भरण्यापूर्वी गर्भ पडला तर गाभडली. दिवस भरून व्याली की तिचे एक वेत पूर्ण झाले. आणि दूध आटल्यावर पुढच्या वितीपर्यंत ती भाकड. या मालिकेतील प्रत्येक शब्द एका पाहिलेल्या गोष्टीशी बांधलेला आहे. ‘उलटणे’ या क्रियापदाची योजना तर विलक्षण होय. गर्भ राहिला नाही हा निष्कर्ष त्यात आहे, परंतु तो निष्कर्ष कशावरून काढला तेही त्याच शब्दात आहे.

यांतील ‘मुका माज’ या जोडशब्दाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. आत सर्व काही घडते आहे, पण बाहेर काहीच दिसत नाही, ना हंबरणे ना सोट, अशा माजाला पशुपालक ‘मुका’ म्हणतो. दृश्य वर्तन आणि आतील अवस्था यांत फट असू शकते, ही जाणीव या दोन शब्दांत आहे. बंदिस्त लहान वन्यप्राण्यांचा माज बहुतांशी मुकाच असतो. रात्री वावरणारी, लाजरी, माणसाची चाहूल लागताच दडणारी जात राखणदारासमोर माजाची लक्षणे दाखवील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. विष्ठेतील इस्ट्रोजेन-अवशेषांचा चढ म्हणजे त्या मुक्या माजाला मिळालेली वाचा होय. परिभाषा-समित्यांनी या अर्थी ‘अव्यक्त’, ‘अप्रकट’ इत्यादी शब्द सुचविण्याआधी गोठ्यात डोकावून पाहावयास हरकत नव्हती.

शब्दांहूनही महत्त्वाचे आहे ते व्याकरण. ‘गाभण’ या एका विशेषणाला मराठी किती प्रकारे वाक्यात बसविते ते पाहावे. ‘गाय गाभण दिसते’ म्हणजे पोट, चाल, कांती यांवरून केलेला अंदाज. ‘गाभण असावी’ म्हणजे ती उलटली नाही यावरून केलेले अनुमान. ‘गाभण निघाली’ म्हणजे हाताने तपासल्यावर सापडलेले सत्य. ‘निघणे’ हे क्रियापद आत दडलेली गोष्ट बाहेर आल्याचे सांगते. आणि ‘गाभण ठरली’ म्हणजे एखाद्या मान्य कसोटीला ती उतरली. परीक्षार्थी उत्तीर्ण ठरतो त्या अर्थाने. कसोटी चुकीची असेल तर ठरलेलेही चुकीचे असू शकते, हा भाव ‘ठरणे’ यात राहतो, ‘निघणे’ यात राहत नाही. अनेक भाषांना जे अंतर क्रियाविशेषणांची भर घालून दाखवावे लागते, ते मराठी क्रियापद बदलून दाखविते.

संप्रेरकमापनात प्रत्यक्ष काय घडते? एका मादीच्या अनेक नमुन्यांतून तिची आधाररेषा काढतात. सरासरीहून प्रमाण-विचलनाच्या दीडपट किंवा दुप्पट वर गेलेले आकडे चढाचे समजतात. असा चढ काही काळ टिकला की पीतपिंडाची क्रिया चालू असल्याचे मानतात. दीडपट घ्यावे की दुप्पट, हा संकेताचा भाग आहे. म्हणजे येथे जे होते ते ‘ठरणे’ होय. प्रयोगशाळेचा इंग्रजी अहवाल बहुधा सावध असतो. मराठी निवेदनात मात्र ‘मादी गर्भवती असल्याचे निष्पन्न झाले’ असे वाक्य उतरते, आणि ‘निष्पन्न’ हा भारदस्त संस्कृत शब्द ‘निघाली’चेच काम करतो. सावधपणा भाषांतरात गळून पडतो.

हा बाल की खाल काढण्याचा प्रकार नव्हे, हे वाघाटीवरून स्पष्ट होईल. गायीत माजानंतर अंडमोचन आपोआप होते. मांजरकुळातील बहुतेक जातींत ते सामान्यतः संयोगाच्या उद्दीपनाने होते. संयोग न झाल्यास माज ओसरतो आणि प्रोजेस्टेरोनचा चढ बहुधा येतच नाही. संयोग झाला, अंडमोचन झाले, पण गर्भ राहिला नाही, तरी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरोन चढते. या अवस्थेला छद्मगर्भ म्हणतात. पाळीव मांजरीत ती सुमारे चाळीस दिवस टिकते, तर खऱ्या गर्भाचा काळ नऊ आठवड्यांचा. अर्थात पहिल्या पाच-सहा आठवड्यांत विष्ठेतील प्रोजेस्टेरोन-अवशेषांचा आकडा गाभण आणि छद्मगर्भ या दोन माद्यांत फरक करू शकत नाही. या काळात ‘गाभण निघाली’ असे लिहिणे असत्य आहे, ‘गाभण असावी’ असे लिहिणेही धाडसाचे. ‘फळली’ एवढेच खरे. मांजरकुळात हा भेद करण्यासाठी गर्भकाळाच्या उत्तरार्धात विष्ठेत वाढणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनच्या एका अवशेषाचा उपयोग होतो, असे स्पेनमधील आयबेरियन लिंक्सवरील संशोधनाने दाखविले. परंतु तोवर वाट पाहावी लागते.

छद्मगर्भाचा पेच किती बिकट होऊ शकतो हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागेल. काळ्या पायांचे फेरेट हा मुंगसाच्या बांध्याचा प्राणी नामशेष झाला अशी समजूत झाली असताना १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात त्याची एक वसाहत सापडली. तीही रोगाने खचू लागली तेव्हा १९८७ पर्यंत उरलेले अवघे अठरा प्राणी पकडून बंदिस्त करण्यात आले, आणि आजची जवळजवळ सारी संतती त्यांपैकी सातांची आहे. या जातीत छद्मगर्भ आणि खरा गर्भ दोन्ही जवळजवळ सारखेच, सुमारे बेचाळीस दिवस टिकतात. प्रोजेस्टेरोनचा आकडा येथे शेवटपर्यंत मुका राहतो. संस्थापक सात असताना एका मादीला उगाच ‘गाभण’ म्हणून नरापासून वेगळे ठेवले आणि हंगाम निघून गेला, तर त्या एका शब्दाची किंमत एका पिढीइतकी होते. राखणदाराच्या वहीतील शब्दावर पिंजऱ्याचे दार उघडते किंवा बंद होते, ही गोष्ट परिभाषेचा विचार करणारांनी विसरता कामा नये.

गोठ्याची शब्दमालिका जशीच्या तशी रानात चालेल असा मात्र दावा नाही. तिचे पंचांग गायीचे आहे. ‘उलटणे’ एकवीस दिवसांचे चक्र गृहीत धरते. ज्या मादीचा माज संयोग न झाल्यास ओसरून पुन्हा येतो, तिला ‘उलटली’ म्हणणे दिशाभूल करणारे होईल. ‘फळणे’ तर गोठ्यातही द्व्यर्थी आहे. कोणी ते संयोगाला लावतात, कोणी गर्भधारणेला. गुराखी ही संदिग्धता तीन आठवडे थांबून मिटवितो, प्रयोगशाळेला तशी सोय नाही. सबब वही लिहिताना ‘फळणे’ संयोगापुरतेच मर्यादित करावे लागेल.

या मर्यादेचे उत्तम उदाहरण म्हणजे पिसोरी. सह्याद्रीतही आढळणारा हा जेमतेम तीन किलोचा प्राणी. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात २०१० च्या सुमारास त्याच्या संवर्धन-प्रजननास आरंभ झाला. तेथील पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या संकटग्रस्त जातींच्या प्रयोगशाळेने त्याला शास्त्रीय साह्य दिले आणि लेंड्यांतील संप्रेरक-अवशेषांच्या मापनाने त्याच्या प्रजननाचा उलगडा केला. २०१७ मध्ये तेथे वाढलेल्या पिसोऱ्यांची पहिली तुकडी अमराबादच्या जंगलात सोडण्यात आली. पिसोरीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा. आणि व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा नर घेते. म्हणजे एक पाडस अंगावर पीत असताना दुसरे पोटात असते. येथे ‘भाकड’ ही अवस्थाच नाही. व्यालेल्या पिसोरीला विश्रांतीसाठी वेगळी ठेवणारा राखणदार गायीच्या पंचांगाने चालला, तर त्याच्या सद्भावनेनेच एक वेत बुडेल. जाता जाता या प्राण्याच्या नावाविषयीही लिहिले पाहिजे. अलीकडे त्याला ‘मूषक हरिण’ म्हणण्याची टूम निघाली आहे. तो मूषक नव्हे आणि शास्त्रदृष्ट्या हरिणही नव्हे. त्याला शिंगे नाहीत, नराला सुळे आहेत, आणि त्याचे कुळ हरिणांहून निराळे आहे. इंग्रजी नावातील दोन्ही चुका मराठीत आणण्यासाठी आपला ‘पिसोरी’ टाकावयाचा, हे परिभाषेच्या नावाखाली चाललेले नुकसान होय.

‘ताण’ या शब्दाविषयी थोडे. कॉर्टिसॉलला सरसकट ‘तणाव-संप्रेरक’ म्हणतात, आणि त्याचे अवशेष वाढले की ‘प्राणी तणावाखाली’ असे लिहून मोकळे होतात. कॉर्टिसॉल भीतीने वाढते, तसेच संयोगाच्या धामधुमीत आणि गर्भाच्या अखेरच्या दिवसांतही वाढू शकते. नावातच निदान घातले की निदान करण्याची गरज उरत नाही.

देशी क्रियापदांविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा की, परिभाषा सर्व भारतीय भाषांत समान असावी, म्हणून ती संस्कृतोद्भव हवी. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या धोरणामागेही समानतेचा हा आग्रह होता. नामांपुरता तो मान्य करता येईल. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’सारख्या संस्कृत ग्रंथात प्राण्यांचा मद व गर्भकाल यांची चर्चा आहे, तेव्हा त्या भाषेला हा विषय परका नाही हेही खरे. परंतु क्रियापद हे वाक्याचे हाड असते. ते उसने आणून बसविता येत नाही. ‘मदावस्थेस प्राप्त झाली’ असे राखणदार लिहिणार नाही, आणि त्याने लिहावे अशी सक्ती केल्यास तो ज्या गोष्टी पाहतो त्यांची नोंद करणेच सोडून देईल. मराठीत प्राण्यांची स्थानिक नावे आस्थेने गोळा झाली आहेत. मारुती चितमपल्लींचे कोशकार्य त्याची साक्ष आहे. पशुपालकांच्या क्रियापदांचा तसा संग्रह होणे अगत्याचे आहे. डांगी गुरांचा मुलूख हाताशी असलेल्या आणि १९८९ पासून मुक्त विद्यापीठाद्वारे मराठीतून शेतीचे शिक्षण देणाऱ्या नाशिकहून त्यासाठी सोयीचे ठिकाण शोधावयास नको.

वहीची मांडणी त्याने पुष्कळ बदलेल. पहिल्या रकान्यात केवळ पाहिलेले : लोळली, अंग घासले, ओरडली, नर घेतला, नर झिडकारला. दुसऱ्यात मोजलेले, आकडा व नमुन्याची वेळ यांसह : अवशेष चढले, उतरले, स्थिर. तिसऱ्यात ‘दिसते’, ‘असावी’, ‘ठरली’ यांपैकी एक, आणि ते कोणत्या दिवसाच्या आधारावर. ‘निघाली’ हा शब्द सोनोग्राफीत गर्भ दिसेपर्यंत लिहावयाचा नाही; आणि वाघाटीच्या बाबतीत ‘गाभण’ हा शब्द, नुसता प्रोजेस्टेरोनचा चढ पाहून, संयोगानंतरच्या सहाव्या आठवड्याआधी कोणत्याही रकान्यात येऊ द्यावयाचा नाही.